आधी राजाच
केबिन रोडच्या हॉलमधल्या बुद्धिबळ स्पर्धेत पंचशीलाचा पहिलाच डाव. घोडे-उंट बाहेर आले, आता किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेवायचा. घाईत तिचा हात आधी हत्तीला लागला. किल्लेकोटात आधी राजाच उचलायचा, या नियमानं तो तिथेच बाद झाला. तिनं चटकन राजा उचलला. “हत्तीला लावला हात! मी बघितलं,” प्रतिस्पर्धी श्रीपतीकाकांच्या पत्नी तुळसाबाई म्हणाल्या. पंच आले. काकांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, “तिलाच विचारा. पौर्णिमेचं अष्टशील व्रत धरलंय पोरीनं, खोटं बोलायची नाही.” पंचशीलानं पांढरा पदर सारखा केला. “आधी राजाच उचलला.” काका बायकोकडे वळले. “अगं, मोतीबिंदू काढला ना? तरी राजाचा हत्ती दिसतोय होय?” सगळे हसले. तुळसाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “माफ कर गं. डॉक्टरला परत दाखवू का?” पंचशीलाची मान वर होईना. “दाखवून घ्या एकदा,” ती म्हणाली.