सेफ्टी शूज

साखरपुडा तोंडावर आलेला, म्हणून करिष्माने थेरगावातल्या एका क्लिनिकमध्ये ओठ भरीव दिसावेत म्हणून त्यांत इंजेक्शनने फिलर भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी वरचा ओठ काळानिळा पडला. महाळुंग्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या समर्थने बहिणीचं तोंड बघितलं आणि त्याचं टाळकंच सरकलं. "दादा, ऐक तरी!" असं ती ओरडेपर्यंत त्याने गाडी काढलीसुद्धा.

क्लिनिकच्या काचेत त्याने आधी खुर्ची घातली. अडवायला मधे आलेल्या डॉक्टरीणबाईंना असं ढकललं, की टेबलाच्या कडेवर त्यांचं कपाळ फुटलं. मग कोपऱ्यातला छोटा फ्रीज फरशीवर आपटून आतली बाटली न् बाटली त्याने कंपनीच्या सेफ्टी शूजखाली चिरडली.

"माझ्या बहिणीचं तोंड नासवतेस व्हय गं?"

मागोमाग करिष्मा रिक्षातून उतरून धावत आली. "दादा, मॅडमनीच फोन करून बोलावलं होतं रे मला! ओठाचं रक्त अडलंय. फिलर विरघळवायचं इंजेक्शन लगेच दिलं तरच ओठ वाचेल, म्हणाल्या."

समर्थचा आवाज एकदम खाली आला. "मग द्या ना, मॅडम. कुठंय ते?"

 

डोळ्यांवर आलेलं रक्त पुसत त्यांनी त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं.