उत्तरार्ध उद्या

अख्खा हॉल खदाखदा हसत होता आणि मनोहरच्या पोटात कळा येत होत्या. हसून नव्हे, जळून.

परदेशातल्या पुंगोलमधल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्या दिवशी प्रत्येक खुर्चीवर एकेक गुलाबी कागद होता. त्यावर भोंडल्याच्या चालीवरचं गाणं. बडे पाहुणे येईपर्यंत मंडळाचे अध्यक्ष रवींद्र आरती अडवून धरतात, प्रत्यक्ष बाप्पालाही ताटकळत ठेवतात, त्याची यथेच्छ टिंगल. खाली कुणाचं नाव नाही. फक्त 'उत्तरार्ध उद्या'.

मंडळाचा कवी मनोहर. सात वर्षं स्वागतगीत त्याचंच, आणि सात वर्षं नुसत्या शिष्टाचाराच्या टाळ्या. इथे मात्र बायका हसून हसून डोळे पुसत होत्या! कोण हा लेकाचा? याला असं सुचतं आणि मला का नाही?

त्याची बायको साधना युनिव्हर्सिटीत असल्याच गाण्यांवर संशोधन करायची. चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यावर विकली जाणारी, राजाची नि पाद्र्यांची खिल्ली उडवणारी गाणी. जेवताना ती सांगायला लागली, की मनोहर टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्यातून एवढंच त्याच्या कानावर पडलं होतं, की लिहिणारा कधी नाव घालत नाही.

"मनोहर, तूच ना रे?" शेजारच्या प्रबोधनं विचारलं.

"आता तुझ्यापासून काय लपवायचं!" मनोहर म्हणाला.

पाच मिनिटांत हॉलभर झालं. लोकांनी पाठ थोपटली, सेल्फ-सर्व्हिसच्या रांगेत त्याला पुढे घातलं. साधनानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या ताटात मोदक वाढला.

दुसऱ्या दिवशी खुर्च्यांवर निळे कागद. मनोहरनं आपला उचलायच्या आत अध्यक्षांनी त्याला हाताला धरून माइकपाशी नेलं.

"कवीनंच गावं," ते गोड हसून म्हणाले.

मनोहरनं घसा साफ केला आणि वाचता वाचता गायला लागला.

"कवी आमचे भारीच थोर,
आरशापुढे घेती वन्स मोअर..."

हॉलमध्ये हशा फुटला. "वा! स्वतःवरच लिहिलंस!" प्रबोध ओरडला. सात वर्षं मनोहर असल्याच हशाला आसुसला होता. आता तो घाईघाईनं कागद दुमडायला लागला. बेडरूमच्या आरशापुढची ती गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

"वन्स मोअर!" पहिल्या रांगेतून साधनाचा आवाज आला.