वावरावरची चक्कर

गुडघे धरल्यापासून धनुबाईंनी थोरले दीर, म्हणजे जेठजी, सांभाळत असलेलं गावामागचं आपलं केळीचं वावर तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते दाखवायला नात दामिनी कॅमेऱ्याचं रिमोट विमान घेणार होती.

"आजी, इतला पैसामा एक तर विमान भारी येई, नही ते चष्मा."

"विमान ते पडनारच शे पोरी. चष्मा भारी ले."

म्हणून थर्माकोलचं स्वस्त विमान आलं आणि कॅमेऱ्याचं दृश्य थेट डोळ्यांपुढे आणणारा झकास चष्मा. तो चढवून धनुबाई ओट्यावर बसल्या. अंगणातून दामिनीनं विमान उडवलं.

"अय माय! केळी कितली वाढनी!" धनुबाई खुदूखुदू हसू लागल्या.



मग एकदम चष्म्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून त्या कुजबुजल्या, "माघारी फिरव ना पोरी, वावरमा जेठजी उभा शेतस!"