रखमाच्या पसंतीची तार

"ही टोचते," रखमा म्हणाली.

सितारामने मान डोलावली. त्यालाही तसंच वाटलं होतं. त्याने स्टीलच्या तारा उतरवल्या.

वाशीच्या त्या बिल्डिंगीत युकुलेले असलेलं हे एकच घर. गिटारचं शेंडेफळ वाटावं असं ते चार तारांचं वाद्य बोटीवर काम करणाऱ्या झहूरने सितारामला, आपल्या दोस्ताला, लांबून आणून दिलं होतं. सिताराम गोदीत कारकून. संध्याकाळी घरी आला की गॅलरीत बसून वाजवायचा, आणि रखमा भाजी निवडता निवडता ऐकायची. मग मूळच्या तारा तुटल्या. नव्या स्टीलच्या बसवल्या, आणि रखमा आपणहून गॅलरीत येईनाशी झाली.

ती रागावली होती, यात शंकाच नव्हती. बेल दाबून ताटकळावं लागे. हाक मारली तर ओ नाही. कारण विचारलं तर "काही नाही हो." हे उत्तर ऑफिसात तो स्वतःच लोकांना देत असल्यामुळे त्याचा अर्थ त्याला पक्का माहीत होता. दोष तारांचा होता. तिला गॅलरीत परत आणायचं, तर जुना आवाज परत आणणं भाग होतं.

स्टीलनंतर त्याने गिटारच्या नायलॉन तारा बसवून पाहिल्या. गोणपाट झटकल्यासारखं काहीतरी वाजलं.

"झोपल्यात या," रखमा त्याच्याकडे बघत म्हणाली.

कान मोठा तिखट तिचा. त्याच्या कपाळाला आठी पडावी आणि तिने तारेला नाव ठेवावं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं एकमत व्हायला युकुलेले लागलं.

रविवारी तो करावे गावात देवजीकडे गेला. देवजी मासेमारीचं सामान विकायचा.

"गळाची तंगूस दाखवा. वेगवेगळ्या जाडीची."

"कंचा मासा धरायचा हाय?"

"मासा नाही हो. बायको रुसलीय."

देवजीने हातातलं रीळ खाली ठेवलं. "जिताऱ्याला कंची लागते ती सांगतू. बायकांचा मना काय ठावं नाय."

सितारामने प्रत्येक तंगूस ताणली, कानाशी धरून वाजवली, चिमटीतून ओढून पाहिली. मासा पन एवढा इचार करीत नाय, असं देवजीने दोनदा ऐकवलं. शेवटी चार जाडींचे चार तुकडे घेऊन सिताराम घरी आला.

तारा चढवून सुरात लावेपर्यंत संध्याकाळ झाली. रखमा आत भाकऱ्या थापत होती. त्याने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला.

"चल ना बाहेर. शेवटचं. या आवडल्या नाहीत तर पेटीत ठेवून देतो. परत काढायचं नाही."

"असं काय हो बोलता?" ती पिठाच्या हातांनीच आली आणि नेहमीसारखी त्याच्या समोर बसली.

वाजवण्याआधी सितारामने पहिल्या तारेवरून बोट हळूच फिरवलं. गुळगुळीत, मऊ, जरा लवचिक. अगदी जुन्यासारखी. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

रखमाचे डोळे भरून आले.

"हीच हो, हीच! काय गोड वाजतेय!"

सितारामने अजून तार छेडली नव्हती.