पंचेचाळीस सेंटिमीटर

मागच्या दोन लग्नांत फ्लॅशशिवाय काढलेले माझे सगळे फोटो हलले होते. म्हणून अंधारातही शार्प फोटो देणारी ही जुनी लेन्स मी निवडली. आज नाझियाच्या लग्नाचे फोटोही बिघडले, तर मला बिरवाडीत पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

बायकांच्या खोलीत दुपारीच पडदे ओढलेले, त्यात लाइट गेलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा शोधणारा हिरवा चौकोन नवरीवर बसेना. तो तिच्या शेजारच्या रिकाम्या गादीवर बसला. खाली अंतर उमटलं: तीन मीटर.

“भाभी, नाझियाच्या बाजूला कोण बसलंय?”

“कोण नाय गो, माहरुख. काढ पटकन, नवरीला निघायचंय, रुखसतीला सगळे थांबलेत.”

मी पुन्हा बटण दाबलं. चौकोन मोठा झाला. दोन मीटर. नाझिया जागची हलली नव्हती.

एक मीटर.

मी मागे सरकत भिंतीला टेकले.

पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतलं ही लेन्स पकडत नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आकडा पंचेचाळीसवर येऊन थांबला. मग चौकोन नाहीसा झाला आणि लेन्स घरघरत पुढेमागे शोधत राहिली.

कॅमेरा डोळ्यावरून काढायची माझी हिंमत होईना.