कळ दाबण्याआधीची नोंद

प्रोग्राम कॉम्प्युटरकडे जे जे मागतो, ते टिपून ठेवणारं साधन तिनं वर्षभर खपून एकटीनं लिहिलं होतं. त्यात एकच खोट निघाली. कीबोर्डची कळ दाबण्याआधीच त्या अक्षराची नोंद पडद्यावर यायची.

तीन दिवस तिनं ओळ न् ओळ पिंजून काढली.

"सर, चूक सापडली नाही," ती ताठ मानेनं म्हणाली, "कारण ती नाहीच. माझं साधन खोटं बोलत नाही."

साहेब कौतुकानं हसले. "मग हात मांडीवर ठेव. बघू काय टिपतंय."

तिनं हात मांडीवर ठेवले. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं, आणि शब्द झाले : सर, पळा.

तिची बोटं आपोआप उठली आणि कीबोर्डकडे निघाली.