दोघांचं मडकं

बस गड्या, ह्या मडक्याची गंमत सांगतो. आमी नवराबायको दोघंबी साखरंचं रोगी, इन्शुलिनच्या बाटल्या गारव्याला ह्याच्यातच ठेवतो. भूकंपाच्या साली आमच्या कवठ्यातल्या दुकानात जुनं, जनावराच्या अंगातनं काढलेलं इन्शुलिन मिळंना, कारखान्यात बनवल्यालं नवं आलं. मला लय मानवलं. साखर उतराय लागली की कारभारणीचा हात थरथरायचा, मग गूळ खायाची. नव्या औषधानं ती खूणच गेली, साखर उतरल्याली कळंना, आन् एकदा भाकरी थापताना ही चुलीम्होरं आडवी झाली. डॉक्टर म्हणालं, “नवंच चांगलं, मावशी.” ही म्हणाली, “मग तुमीच टोचून घ्या.” सांगलीच्या रुग्णमंडळात आमी शिरलो, दुकानदारापासनं कंपनीपातूर एकच मागितलं, “दोनी ठेवा, निवडू आमी.” शेवटी जुनंबी आलं; हिनं ते धरलं, मी नवंच ठेवलं. काल भाकरी थापताना हिचा हात परत थरथरला. गूळ देताना मला हसूच आवरंना. ऊन आलं रं, तेवढं मडकं सावलीला सरकव. दोघांच्या बाटल्या हायत त्यात.